फेकी

प्रिय नर्मदाताई,

सत्काराच्या बॅनरचा फोटो मोबाइलवर पोचला. हार घातलेला मी जरा निवडणुकीच्या उमेदवारासारखा दिसतोय, ते एक असो. पण खाली 'दुबई गाजवणारे क्रिकेटपटू रामेश्वर' वाचलं आणि डोकं फिरलं. तुझं म्हणणं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, गावाला बेसबॉल कुठे कळतो, गुमान शाल घे आणि परत जा. नाही घेणार.

क्रिकेटने मला काय दिलं ते तुला ठाऊक आहे. तालुक्याच्या मैदानावर पंच म्हणून उभ्या कदम सरांनी एकाच षटकात माझे सहा नो-बॉल दिले, हात कोपरात वाकतो म्हणाले आणि सगळ्यांदेखत ओरडले, हा फेकी आहे, याला बाहेर काढा! त्या दिवसापासून गावाने माझं नाव फेक्या ठेवलं. पुढे नांदेडला कॉलेजात खेळाच्या हुमेरा मॅडमनी माझा हात पाहिला आणि म्हणाल्या, अरे वेड्या, एका खेळात फेकायचंच असतं, आणि हातात बेसबॉल दिला.

टाइल्स बसवायला म्हणून शारजाला आलो. दुबईत बेसबॉलच्या व्यावसायिक लीगची निवड चाचणी आहे असं कळलं, तर सुट्टी टाकून गेलो आणि निवडला गेलो. दोन हंगाम पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होतो, ताई. पगारी पिचर! एकोणतीस जणांना नुसती हवेत बॅट फिरवायला लावून घरी पाठवलं. माझे चेंडू झेलणारा कॅचर पेशावरचा, मांडीवर थाप मारून इथल्या अरबीत चल म्हणायचा, 'यल्ला भाई, फेंक!' घरी फोन करून सांगितलं की मला फेकायचा पगार मिळतो, तर भाऊजी म्हणाले, फेकतोय. शेवटी कंटाळून मीच म्हटलं, बरं बाबा, क्रिकेट खेळतो. चूक माझीच. तिचंच आता बॅनर झालंय.

मग कोपर गेलं. ऑपरेशन झालं, पण चेंडूला पूर्वीचा वेग आला नाही आणि संघ म्हणाला, खलास. आता ड्रॅगन मार्टात टाइल्सच्या दुकानात आहे आणि इंटरनॅशनल सिटीत सहाजणांत एक खोली आहे. केस डाव्या हाताने विंचरतो. रडलो खूप, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? पण लाज म्हणशील तर तीळभर नाही वाटत.

एक गोष्ट मात्र आजवर बोललो नाही. फेक्याबरोबर कुणी खेळेना, तेव्हा आईचं फाटकं लुगडं तळहाताला गुंडाळून माझे चेंडू तू झेललेस. तुझी करंगळी त्यातच वाकडी झाली आणि आजही तू लोकांना सांगतेस की पाटा पडला.

सत्काराला प्रमुख पाहुणे कदम सर आहेत, हे तू मला सांगितलं नाहीस. पत्रिकेत वाचलं. म्हणून मी येत नाही. आमच्या खोलीतला गणू परवा गावी निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. माझं नाव पुकारलं की तू व्यासपीठावर जा, शाल तू घे आणि हे पत्र पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाच. भाऊजी डोळे वटारतील, कदम सर माइक ओढायला येतील. सोडू नकोस.

तुझाच हट्टी भाऊ,
रामेश्वर