गोदावरीच्या पुलावर सापडलेली हद्द

बाई, आज तुम्ही हव्या होतात. सहलीच्या गाडीतून उतरून घरी आले आणि हातपायही न धुता लिहायला बसले आहे, कारण आज माझा भूगोल बंद होता होता वाचला! अकरावीत तुम्ही सीमांचे प्रकार शिकवले होते. नदी-डोंगरांची ती नैसर्गिक, नकाशावर पट्टीनं ओढलेली ती भौमितिक, बाहेरच्यांनी आणून लादलेली आणि राज्य बुडालं तरी खुणा मागं ठेवणारी ती अवशिष्ट. या शेवटच्या प्रकाराचं उदाहरण विचारलंत, तेव्हा मी ऐटीत बर्लिनची भिंत सांगितली. तुम्ही खडू खाली ठेवलात. "लई लांब गेलीस गं. गंगापूरची ना तू, गोदावरीच्या अलीकडची? जरा जवळ ये." वर्ग हसला आणि मला तुमचा असा राग आला की सांगता सोय नाही. पुढं उत्तर उमगलं, तेव्हा सांगायला तुम्ही राहिल्या नव्हतात.

आता मीच शहरातल्या कॉलेजात भूगोल शिकवते. मुलं कमी, म्हणून प्राचार्य विषयच बंद करायला निघाले होते. म्हटलं, सर, एकदा माझ्या तासाला या. आणि सगळ्यांना घेऊन गेले थेट गोदावरीच्या पुलावर. विचारलं, ही कोणती सीमा? "नैसर्गिक! नदीच आहे ना, मॅडम." आणखी? पोरं पाण्याकडं बघतायत. प्राचार्य घड्याळाकडं. तेवढ्यात मागून एक मुलगी म्हणते, "मॅडम, माझी आजी पलीकडची, नगरकडची. ती अजून म्हणती, लेक मोगलाईत दिली. आता कुठं हाय मोगलाई?"

बाई, मी चक्क ओरडले, हीच ती अवशिष्ट सीमा! अलीकडं निजामाची मोगलाई, पलीकडं इंग्रज; दोघंही गेले, हद्द मात्र आजीच्या तोंडी अजून शाबूत! मग एकच गलका. "आमच्याकडं बी म्हणतात!" प्राचार्य घड्याळ विसरले. "माझी आई पलीकडचीच. जावा तिला इंग्रजांकडची म्हणून चिडवायच्या," असं सांगत पोरांत मिसळले. परतताना म्हणाले, "राहू द्या मॅडम, भूगोल."

आनंद झालाच, खोटं कशाला बोलू? हे पत्र टाकायचं कुठं, हे मलाही कळतं. पण कबूल करते, त्या मुलीचं उत्तर ऐकलं तेव्हा मी प्राचार्यांकडं नाही, आधी मागं वळून पाहिलं. "आलीस गं जवळ," असं कुणी म्हणतंय का म्हणून.