गालाला गाल

१६ मार्च, शनिवार
घरमालकांच्या रेवाच्या युनिव्हर्सिटीत आज फ्रेंचवाल्यांचा कार्यक्रम. तिचे बाबा, दिवाकरकाका, रेल्वेच्या ड्यूटीवर, म्हणून गाडीवर सोडायला मी. मी म्हणजे त्यांच्या वरच्या खोलीतला भाडेकरू. "आपला मराठी मुलगा आहे, चिंता नाही!" काकू झाशीच्या या सगळ्या ओरछा गेट मोहल्ल्याला सांगत असतात.

तिथे मी आठवी नापास, नखांत बिजौलीच्या कारखान्याचं ग्रीस. मागे बसलो. नाटुकलं झालं. एक अक्षर कळलं नाही! त्यात रेवा आणि कुशल म्हणून तिच्या वर्गातला एक मुलगा रस्त्यात भेटतात. भेटल्याबरोबर गालाला गाल — एकदा इकडून, एकदा तिकडून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी व्हिडिओ काढला.

येताना ती म्हणाली, "दादा, वहाँ सगळे असेच भेटतात. नमस्कारच आहे तो." अठ्ठावीसला दिल्लीत मुलाखत. निवड झाली तर वर्षभर फ्रान्स! दिल्लीपर्यंत काका सोबत जाणार आहेत. गाडीवर सारखी गुणगुणत होती.

१७ मार्च
व्हिडिओ महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकला. झाशीतली सगळी मराठी घरं त्यात. खाली लिहिलं — आपली रेवा!

१८ मार्च
मंडळाच्या नानासाहेबांचा फोन. "दिवाकरजी, पोरीला आवरा." काका जेवले नाहीत. दिल्ली रद्द. "इथे हे, तर तिकडे काय करशील!"
रेवा ओरडली, "बाबा, नमस्ते था वो! सिर्फ नमस्ते!"
मग दार आपटलं.

१९ मार्च
काकू पोळी वाढताना म्हणाल्या, "तुझी काय चूक रे? तू कौतुकाने टाकलास."
मी मान हलवली. 

इथे तरी खरं लिहितो. तो नमस्कार आहे हे मला माहीत होतं. ते मी लिहिलं नाही — मुद्दाम. नानासाहेब काय म्हणणार तेही माहीत होतं. घर सोडून मी एवढ्या लांब आलो तो लोखंड घासायला. आणि ही हसत हसत लांब जाणार! आवडते का मला? तेही असेल. पण जळलो, हे जास्त खरं.

२२ मार्च
रेवा जिन्यात भेटली. "दादा, आप मत सोचो. तुम्हाला काय माहीत होतं?"
शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं, बाई!
म्हणालो, काकांशी बोलतो. समजावतो.
"खरंच? तुमचं ऐकतील ते. माझं नाही ऐकत."

२५ मार्च, होळी
काका दारात, गुलालाने लाल. "काका, तो व्हिडिओ —"
"सोड. तू होतास म्हणून कळलं तरी. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं?" हातावर गुजिया, इथली करंजी, ठेवली.
खाल्ली.
वर कठड्याशी रेवा. हातानेच विचारलं, झालं? मी खूण केली — उद्या.

२६ मार्च
काका ड्यूटीवर. बरं वाटलं. असं वाटल्याची लाज वाटली.

२७ मार्च
काका घरात होते. नाही बोललो. रेवाने आज विचारलं नाही.

२८ मार्च
सकाळी रेवाची खोली रिकामी. फोन बंद. काकांनी माझी कॉलर धरली. "दिल्लीला गेली ना ती? तूच सोडलंस ना स्टेशनवर? बोल!"
नाही काका. मला काहीच माहीत नव्हतं.
या घरात पहिल्यांदा खरं बोललो. कुणाला पटलं नाही.
मला तिने सोडायला सांगितलंसुद्धा नाही.