अनंताला सुपारी

॥ श्री ॥
सातारा, ता. ४ फेब्रुवारी १९९७

चि. अनंतास अक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. यांचा खोकला बसला. तुझ्या व्हायोलिनच्या क्लासला यंदा किती मुलं?

सांगलीला येणाऱ्या भाऊसोच्या हाती तुला डबी पाठवली आहे. तीत हळदकुंकू लावलेली सुपारी आहे. घरातल्या प्रत्येक मुलीच्या लग्नात मामा म्हणून तू नवी रचना बांधलीस. आमची ज्ञानदा मायाला हार घालणार म्हटल्यावर मात्र ‘असल्या लग्नात वाजवणार नाही’ असं लिहिलंस. ठीक. मामा नको, वाजवणारा म्हणून ये. बँडवाल्याला देतात तशी रीतसर सुपारी देते आहे.

भटजी नाही म्हणाले, म्हणून मंगलाष्टकं नाहीत. शब्दांवाचून वाजव. दोन व्हायोलिनं, क्लॅरिनेट, तबला. पंधरा मिनिटं पुरेत. दोन्ही व्हायोलिनं बरोबरीची हवीत. एकानं गायचं आणि दुसऱ्यानं नुसती साथ करायची, असं नको.

मायाच्या आई, हरणाबाई, माणहून येऊन गेल्या. जन्म मेंढरांमागं गेलेला. मी चाचरत विचारलं, “लोक बोलत नाहीत?”

“आवं, बोलत्यात की! बोलून दमत्यात, मग च्या मागत्यात.”

किती दिवसांनी हसले मी.

हे म्हणतात, खिडक्या लावून उरकू. म्हटलं, एप्रिलात? पाहुणे उकडून काढायचेत? खिडक्या सताड उघड्या राहतील. गल्लीनं ऐकावं.

देवाला कौल लावलास का, विचारशील. नाही लावला. आयुष्यात पहिल्यांदाच. फूल डावीकडे पडलं असतं तरी मी हेच केलं असतं. मग त्याला कशाला अडचणीत टाकू?

आणखी एक. दोन वर्षांपूर्वी ‘ज्ञानदाला घराबाहेर काढ’ असं तू लिहिलंस, पण कडी मी लावली. ती पायरीवर बसून हाका मारत होती आणि मी आत माळ ओढत होते. एकशे आठ पुरे करून दार उघडलं, तर पायरीवर कोणी नव्हतं. हे तुझ्यावर ढकलून मला सुटता येत नाही.

पत्रिका छापून आल्या. मामा म्हणून तुझं नाव घातलंय, ठळक अक्षरांत. सांगलीतल्या सगळ्यांना कालच टपालानं गेल्या. आता अकरा एप्रिलला ये, नाहीतर का आला नाहीस ते घरोघर सांगत बस.

आधी ज्ञानदाची आई, मग तुझी अक्का,
शरयू