चढावरची शिकवणी

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? (सिगारेट सोडणं म्हणजे गच्चीत जाऊन ओढणं नव्हे, हे त्यांना माझ्या वतीने सांग.) मी ठणठणीत आहे, भूक तेवढी मेली आहे.

गाडी शिकवण्यात माझी हयात गेली, हे तू जाणतेसच. सपाट रस्त्यावर कोणीही शिकतं. खरी परीक्षा दवाखान्यामागच्या चढावर. तिथे मध्येच थांबायचं आणि मागे न घसरता पुन्हा निघायचं. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाणं शिकवणाऱ्या एक बाई गाडी शिकायला यायला लागल्या. (यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, वय आपल्या धाकटीएवढं, तू विचारणारच, म्हणून लिहिलं.) बाई हँडब्रेक आधी सोडायच्या, क्लच मागाहून, त्यामुळे आम्ही दोघं तोंड पुढे करून मागे जायचो. एकदा थेट फुलवाल्याच्या गाड्यावर जाऊन टेकलो. फुलवाल्याचा पारा चढला, माझा आवाज चढला, मागच्या रिक्षावाल्याला तर चेवच चढला. चढली नाही ती फक्त गाडी. बाई शांतपणे म्हणाल्या, "ओरडा खुशाल, पण वरचा सूर जरा हलतोय तुमचा." इतक्या वर्षांत माझ्या ओरडण्यात कोणी सूर शोधला नव्हता गं! चुरगळलेली फुलं त्यांनी मागच्या सीटवर ठेवून घेतली. पुढे कितीतरी दिवस गाडीला वास येत होता. मी काचा उघडल्याच नाहीत.

(मालक म्हणतो, बाईंना मी डोक्यावर चढवून ठेवलंय. म्हणू दे.)

शेवटी मी म्हटलं, पायाकडे लक्ष देऊ नका, इंजिन ऐका. आवाज किंचित उतरला की हँडब्रेक सोडा. "हे आधी नाही का सांगायचं?" म्हणाल्या, आणि गाडी अलगद वर गेली. गेल्या आठवड्यात परीक्षा पास झाल्या. "येते हं," म्हणून स्वतःच्या गाडीत एकट्या बसल्या नि चढावरून निघून गेल्या. मागचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत मी खाली उभा. आता शेजारी रोज कोणीतरी शिकायला बसतं, पण गाडीत कोणी नसतं.

असो. सगळ्यांना आठवणीने विचारलंय म्हणून सांग.

तुझा भाऊ

ता. क. रविवारी बाईंना चहाला बोलावलंय. एकदम कसं बोलवायचं, म्हणून 'ताई येणार आहे, तिला तुम्हाला भेटायचंय' असं सांगून बसलो. तेव्हा काही करून शनिवारी ये. मला दोन वाक्यं धड बोलता येणार नाहीत.

आणखी एक. पाकीट टाकायला निघालो तर वाटेत बाईच भेटल्या. "ताई नाही आल्या तर?" मी म्हटलं, मग पुन्हा कधीतरी. त्या म्हणाल्या, "पुन्हा कशाला? मी येतेय."

ताई, पुढच्या महिन्यात आलीस तरी चालेल.