राजाचं मुंडन

प्रिय नाना,

शाळेत वडिलांना 'तीर्थरूप' लिहायला शिकवलं होतं. तेवढं खोटं मला जमेना, म्हणून 'प्रिय' लिहिलं. त्यातही थोडी सूट घेतलीच आहे.

पत्राचं कारण असं, की आज दुपारी आम्ही राजाला घराबाहेर काढला. होय, तुमच्या राजाला! आत्याला तुमच्या लेकानं, भूषणनं, फोनवर सांगून टाकलंय. उद्या ती आईकडे लिंबायतला येणार, तुमच्या फोटोसमोर पदर तोंडाला लावून रडणार आणि आमची चुगली करणार. तिचं ऐकण्याआधी माझं ऐका. जिवंतपणी तुम्ही कुणाचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाहीत. आता मध्येच उठून जायची सोय नाही, ते एक बरं झालं.

राजाचे काय लाड होते! पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधून तुम्ही यायचात ते रंगानं निळेजांभळे झालेले हात तसेच घेऊन आधी पिंजऱ्याशी. पेरूची फोड त्याला, हिरवी मिरची त्याला, गोड बोलणं त्याला. आई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची, ती तशीच उभी राहायची. पोपटाचं नाव राजा आणि बायकोचं नाव बयताड, म्हणजे वेडपट! खानदेशातून येताना तुम्ही एवढंच नीट जपून आणलंत का हो नाना?

आणि त्याला शिकवलंत तरी काय? लोक राम राम शिकवतात, विठ्ठल शिकवतात. तुम्ही शिकवलंत, "ए बयताड, चहा लई ये." अगदी तुमच्या आवाजात, शेवटी तुम्ही घसा खाकरायचात त्या खाकरण्यासकट. पाहुणे पोट धरून हसायचे. आई चहा आणायची आणि तीही हसायची. हसली नाही तर पाहुणे गेल्यावर काय व्हायचं, ते मी आणि भूषणनं पाहिलंय. तुम्हाला ते आठवत नसेल. मारणाऱ्याला कुठे आठवतं?

तुम्ही गेलात आणि दहाव्याला तापीकाठी कावळा शिवेना. सगळे उन्हात ताटकळले. आत्या म्हणाली, जीव राजात अडकलाय. मग भूषण पिंडासमोर हात जोडून म्हणाला, राजाला कधी घराबाहेर देणार नाही, आई त्याला जिवापाड सांभाळेल. लगेच कावळा शिवला! तुम्ही मेल्यावरही आईच्या गळ्यात काम बांधून गेलात, आणि तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

त्यानंतर काही दिवसांत राजानं पिसं उपटायला सुरुवात केली. आधी छातीची, मग पोटाची, मग मांड्यांची. पिंजऱ्याखाली हिरवी पिसं पडायची. पाहता पाहता तो सोललेल्या कोंबडीसारखा दिसायला लागला. डोकं मात्र जसंच्या तसं, हिरवंगार, गळ्याला तो गुलाबी पट्टा. स्वतःच्या डोक्यापर्यंत चोच पोहोचत नाही ना त्याची. अंगावर कपडा नाही आणि डोक्याला फेटा, असा नवरदेव!

आत्यानं त्याला पाहिलं आणि हंबरडाच फोडला. "मन्हा भाऊसाठे पाखरूनी मुंडन करं!" झालं. गल्लीतली माणसं दर्शनाला यायला लागली. पोपट शोक पाळतोय म्हणे. कुणी पेढा ठेवला, कुणी मोबाइलवर व्हिडिओ काढला. आणि सगळ्यांनी आईकडे वळून पाहिलं, कारण आई रडली नव्हती. पाखराला कळतं ते बाईला कळत नाही, असं आत्या तिच्या तोंडावर म्हणाली. मुंडनात डोक्याचे केस काढतात आणि याचं डोकंच तेवढं शाबूत आहे, एवढी साधी गोष्ट एकाच्याही लक्षात येऊ नये?

उपाय तर किती केले. दृष्ट लागली म्हणून पिंजऱ्याला काळा दोरा बांधला. शेजारणीनं हळद-तेल लावायला सांगितलं, त्यानं तो चिकट झाला आणि जास्तच उपटायला लागला. भूषणनं कडुनिंबाचं पाणी शिंपडलं. आई घरी साड्यांचे धागे कापायचं काम करते, तुम्हाला माहीतच आहे. तिनं साडीच्या चिंधीचं बंडी-जाकीट शिवलं, जरीची किनार लावून. ते त्यानं दुपारपर्यंत कुरतडून टाकलं. आईनं दुसरं शिवलं. तेव्हा मला वाटलं, किती माया करते ही, ज्यानं जन्मभर शिव्या दिल्या त्या आवाजावर!

शेवटी मी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे नेला. गुजराती माणूस, तोंडानं फटकळ. आधी त्यानं मलाच झापलं, की हा रानातला पोपट, याला घरात कोंडणं गुन्हा आहे. पंख कुणी कापले? तुम्ही, नाना, आईच्याच धागे कापायच्या कात्रीनं. मग त्यानं कातडी तपासली. किडा नाही, खरूज नाही. मिरचीवर वाढवलेला, कधी आंघोळ नाही, चावायला लाकडाचा तुकडा नाही, हलायला जागा नाही. हे सगळं बदला म्हणाला. पण एवढ्यानं कुणी स्वतःला असं सोलत नाही, हेही म्हणाला. मी सांगितलं, मालक गेले, त्यांच्या दुःखात आहे. त्यानं मान हलवली. "आ दुःखी नथी बेन, डरेलो छे." दुःखी नाही, घाबरलेला आहे. घरात कुणाला घाबरतो, म्हणून विचारलं.

मी घरी येऊन आईला विचारलं. ती धागा तोडत म्हणाली, घरात सगळे त्यालाच घाबरायचे. 'त्याला' म्हणजे कुणाला, ते मी विचारलं नाही.

डॉक्टरनं सांगितलं तसं सगळं केलं. मोठा पिंजरा आणला, त्यात निंबाची डहाळी बांधली. एक्स-रेची फिल्म कापून त्याच्या गळ्यात कॉलर घातली, म्हणजे चोच अंगाला लागू नये. सकाळी भूषण मिलला जाईपर्यंत राजा शांत असायचा. संध्याकाळी यावं तर कॉलर वाकडी आणि अंगावर रक्ताचे नवे ठिपके. दुपारी होतं काय?

एका दुपारी मी न सांगता आईकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. गल्लीतल्या लूमच्या खडखडाटात तिला माझी चाहूल लागली नाही. आई पिंजऱ्यासमोर बसली होती, मांडीवर साडी, हातात कात्री. राजा म्हणाला, "ए बयताड, चहा लई ये."

"नही लयत," आई म्हणाली. "काय करशी? उठ. आते मारी दखाड."

आता मारून दाखव, म्हणत तिनं कात्री पिंजऱ्याच्या गजावर हाणली. राजा कोपऱ्यात दबला. तिनं पुन्हा हाणली. त्यानं कॉलरखालून मान वाकडी करून मांडीचं एक पीस ओढून काढलं. आईनं पाहिलं, आणि परत सांगितलं, "बोल. बोल ना." तो घाबरून तेच बोलला, कारण त्याला दुसरं काही येतच नाही! ती पुन्हा हाणायला लागली. किती शांतपणे करत होती! मग तिनं झाडू घेतला, पिसं गोळा केली, आणि साडी उलटून पुढचा धागा कापायला घेतला.

ही माझी आई, नाना. मुंगीवर पाय पडला तरी हळहळणारी.

मी तिच्या हातातून कात्री काढून घेतली. ओरडले. त्या मुक्या जिवानं तुझं काय वाईट केलं, असं विचारलं. तिनं मांडीवरची साडी बाजूला केली. मग म्हणाली, "त्या मरी ग्यात. मन्हं बोलनं राही गयं. ते मी कोनले बोलू?"

सांगा ना, कोणाला बोलायचं तिनं? तुम्ही झोपेत गेलात, सुखानं. इतक्या वर्षांचं सगळं तिच्याकडे तसंच राहिलं. ज्याला उत्तर द्यायचं तो निघून गेला आणि आवाज तेवढा घरात ठेवून गेला. मला तुमचा इतका संताप आला, की तुम्ही समोर असतात तर मी वडील म्हणून पाहिलं नसतं.

मी भूषणला म्हटलं, राजाला इथून हलवायचा. तो म्हणाला, कावळ्यासमोर शब्द दिलाय, नाना तळमळतील. मी म्हटलं, तळमळू देत की थोडे. आत्यानं फोनवर शिव्याशाप दिले. आमचं भांडण चाललं असताना आई उठली, पिंजऱ्यावर स्वतःची जुनी साडी टाकली आणि म्हणाली, "लई चाला. मन्हा हातखाले तो मरी जाई."

डॉक्टरच्या ओळखीची माणसं अशा पोपटांना सांभाळतात, जाळीच्या मोठ्या खोलीत. आज दुपारी रिक्षानं तिकडे गेलो. पिंजरा आईच्या मांडीवर. वाटेत साडीखालून राजा ओरडला, "ए बयताड, चहा लई ये." रिक्षावाला धुळ्याकडचाच निघाला. हसून म्हणाला, मावशी, कोनी शिकाडं याले? आई बाहेर बघत म्हणाली, "हाऊ मन्हा नवरा शे." पोपटालाच नवरा म्हटल्यावर आम्ही उतरेपर्यंत त्यानं मागे पाहिलं नाही.

छातीवरची पिसं आता येणार नाहीत. एकाच जागी इतकं उपटलंय, की मुळंच मेलीत. तो कधी उडणारही नाही. डॉक्टरनं हे सांगितलं तेव्हा आई जाळी धरून उभी होती. आत बाकीचे पोपट भरल्या अंगानं किलबिलत होते आणि तुमचा राजा कोपऱ्यात उघडा थरथरत होता. तिनं विचारलं, थंडीत याला काय घालणार? मग ती रडली, नाना. तुमच्यासाठी राखून ठेवलेलं होतं की नाही, देव जाणे, पण ते सगळं तिनं त्या पाखरावर खर्च केलं. तुमच्या वाट्याला काही उरलंय असं मला वाटत नाही.

परत येताना ती एवढंच बोलली, की लग्न झाल्यापासून तुम्ही तिला एकदाही नावानं हाक मारली नाही. तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. दुकानात मीठ संपलंय असं सांगावं, तसं सांगितलं.

म्हणून एक वचन देते. ते कावळ्याला नाही, तुम्हाला. दर रविवारी मी त्या जाळीपाशी जाणार आहे. मऊ पेरू नेणार, हळू बोलणार, त्याला कधी घाबरवणार नाही. एकच शब्द शिकवणार. डॉक्टर म्हणतात, पोपट मरेपर्यंत नवा शब्द शिकू शकतो. आणि राजाला तर तुमच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज काढताच येत नाही. वर्ष लागो, दोन लागोत. मी त्याच्याकडून, म्हणजे तुमच्याकडून, म्हणवून घेईन. मग आईला त्या जाळीसमोर उभी करीन, आणि तुम्ही घसा खाकरून तिला हाक माराल.

इंदू.

तुमची नाही, इंदूची मुलगी,
वैशाली