बाबांचे बूट साच्यावरच आहेत

आई,

बाबांना घेऊन मोठ्या दवाखान्यात जातेय. घाबरू नकोस, दोन घास खाऊनच ये. गुडघ्यासाठी ते रोज घेत होते त्या गोळ्या बरोबर आण, डॉक्टरांना बघायच्या आहेत.

सकाळी बाबांचा पाय बुटात शिरेना. नेहमीप्रमाणे चामड्याला शिव्या घातल्या, "साला माल आकसतोच कसा!" आणि बूट साच्यावर ताणायला लावले. महिनाभर हेच चाललंय. जन्मभर लोकांच्या पायाची मापं घेणारा माणूस, आपलेच पाय सुजलेत हे कळू नये? मी नडगीवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. लघवीला फेस येतो, हेही आज खोदून विचारल्यावर सांगितलं. वर म्हणे, त्यात काय सांगायचं!

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी बघताक्षणी किडनीचं नाव काढलं.

चेहरा भरलाय म्हणून तू खूश होतीस ना? मीही होते. ती सूज होती, आई.

माझ्या सपाता घालून निघालेत, टाचा बाहेर. बूट साच्यावरून काढू नकोस. परत येईपर्यंत सैल होतील, म्हणाले. मी हो म्हटलंय.