पुष्कर, जोधपूर आणि तेलाची वाळू

रविवार, २१ ऑगस्ट १९६०

यांना वेड लागलं! दुसरा शब्द नाही. रेल्वे यार्डातली ड्यूटी करून आले ते अंघोळ न करताच पाटावर बसले आणि म्हणतात, "ऐक, आपण गोल्फ खेळायला जोधपूरला जाऊन राहिलो." मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातात तसंच.

गोल्फ म्हणजे ते – भिलाईत आमच्या सेक्टरच्या मागे मुरमाच्या माळावर चार साहेब काठ्या घेऊन पांढऱ्या चेंडूमागे उन्हात हिंडतात ते. रशियन इंजिनीअर सायकली थांबवून पाहतात आणि हसत पुढे जातात. यांच्या ट्रॅफिक खात्याचे माथुर साहेब तिथले म्होरके. हे लहानपणी वर्ध्याला विटीदांडू खेळलेले, म्हणून हात सरळ – साहेबच म्हणाले म्हणे. साहेबांचा जोडीदार बदली होऊन रुरकेल्याला गेला, आणि त्याच्या जागी आता हे! कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या रविवारी साहेबांच्या गावी, जोधपूरला, जोड्यांची मॅच. उतरायचं साहेबांच्याच घरी. रेल्वेने यांना पोलादाच्या कारखान्याच्या कामावर पाठवलं तरी फुकट प्रवासाचा पास आपला चालू आहे, यंदाचा एक उरलाय.

सासूबाई देवघरातून, "अन् थो चेंडू भोकात गेला त काय भेटते?"

"काही नाही भेटत, आई."

"मंग कावून जाता बाप्पा येवढ्या दूर?"

मलाही पटलं नाही. पास काय चेंडूसाठी असतो?

२२ ऑगस्ट

पूजेत लक्ष लागेना. फुलं वाहता वाहता आठवलं – जोधपूरच्या वाटेवर अजमेर आहे. आणि अजमेरच्या डोंगरापलीकडे पुष्कर! कार्तिकी पौर्णिमेचं पुष्करस्नान!! चालून आलंय आणि मी तोंड वाकडं करून बसले.

पासावर आजवर गेलो कुठे? लग्नं, बारशी, तेरव्या. नणंदेचं, कमलाचं बाळंतपण. पोहोचलं की पदर खोचायचा आणि चुलीपुढे बसायचं. नुसतं जायचं म्हणून एकदाही नाही. वाळवंट तर मॅट्रिकच्या नकाशात पिवळं रंगवलं होतं, तेवढंच माझं वाळवंट.

जेवताना म्हटलं, "जाऊ. पण आधी पुष्कर."

हे हसले. "म्हणजे तुझंही ठरलं?"

माझं कुठलं! देवाचं.

२५ ऑगस्ट

शेजारच्या राधाबाईंना कळलं. मी सांगितलं नव्हतं, पण भिंती आमच्या एका विटेच्या आणि कान त्यांचे रायपूरपर्यंत ऐकणारे. "अव्वा! मालक साहेबलोकांत गेले न तुमचे! आता तुम्ही पण टोपी घालून घ्या, सत्यभामाबाई."

म्हटलं, "घालीन. तुमच्यासाठीही आणते एक."

खर्चाच्या वहीत नवीन पान काढलं. वर 'श्री', खाली 'यात्रा'. गोल्फ लिहिलं नाही.

२९ ऑगस्ट, महालक्ष्म्या बसल्या

कुठे तोंड लपवू!

काल रविवारी मी आणि सासूबाई मुखवटे आणायला दुर्गला गेलो होतो. आज पहाटे मागचं अंगण सारवायला गेले तर मधोमध हा एवढा मोठा काळा तेलकट डाग. वाटलं, यांनी सायकलीला तेल देताना डबाच कलंडवला. सणाच्या दिवशी! गोवऱ्यावाल्या चंपाने ताजं शेण आणून टाकलं होतं. खरवडलं, सारवलं, वर रांगोळी घातली, आणि मागच्या दारापासून देवघरापर्यंत महालक्ष्म्यांची पावलं काढली. सुरेख निघाली होती.

हे आले. दारातच थांबले. "माझं ब्राऊन कुठंय?"

"तुमचं काय?"

मग कळलं. जोधपूरला गवत नाही. भोकाभोवती वाळू पसरतात, तेलात कालवून दाबून बसवतात, म्हणजे चेंडू नीट घरंगळतो. त्याला ब्राऊन म्हणतात. यांनी कालचा अख्खा दिवस खपून शिवनाथ नदीची वाळू आणि यार्डातलं जळकं तेल घालून तसं केलं होतं. सरावासाठी. आणि मी त्यावर शेण!

"मग पुसून टाक न ती पावलं."

सासूबाई कडाडल्या, "खबरदार! बाया घरात आल्या, अन् त्याहिचे पाय पुसतं?"

बाया बुधवारी जाणार. तोवर यांचा सराव बंद. हे काठी भिंतीला टेकवून सोळा भाज्या निवडायला बसले. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

३१ ऑगस्ट

महालक्ष्म्या गेल्या. दहीभाताची शिदोरी दिली. यांनी लगेच सारवणात भोक उकरून चेंडू ठेवला, हलकेच टोला दिला – चेंडू भोकावरून, तुळशीवरून थेट राधाबाईंच्या पापडांत! त्या पलीकडून, "साहेब, इकडे पण भोक करून ठेवू काय?"

हे हसले अखेर. पण ब्राऊन मोडलं ते मी. मीच करून देईन म्हटलं.

३ सप्टेंबर

केलं! यांची वाळू जाडी होती, कण चेंडूला अडवत होते. मी रव्याच्या चाळणीने चाळली. (चाळणी आता त्याच कामाची. दुसरी आणावी लागेल, जीव हळहळला.) तेल पुरणात तूप घालतात तसं थोडं थोडं. मग पाट उलटा करून दाबलं. हे म्हणाले, "अगं, साहेबांच्यापेक्षा बरं झालं." उगीच म्हणत असतील. पण मी दिवसभर दोनतीनदा मागच्या दारात जाऊन पाहून आले.

५ सप्टेंबर

हे रजेचा अर्ज आणि पासाचा अर्ज लिहून घेऊन निघाले होते. मी दारात अडवलं. उद्यापासून पितृपंधरवडा, आणि आज पौर्णिमेचं श्राद्ध समोरच्या पाठकांकडे. असल्या दिवसांत पुष्करचं पहिलं पाऊल टाकायचं? घटस्थापनेला द्या म्हटलं.

"ऑफिसला पितर नसतात गं."

"तुम्हाला आहेत न?"

सासूबाई माझ्या बाजूने. दोन विरुद्ध एक. अर्ज गणपतीच्या कोनाड्यात ठेवला.

१२ सप्टेंबर

हे लिहू की नको. वही माझीच आहे, लिहिते.

ब्राऊन रोज सकाळी सपाट करावं लागतं, मांजर फिरते. सपाट झालं की नाही हे चेंडू घरंगळवल्याशिवाय कसं कळणार? म्हणून दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की मागचं दार ओढून घेते, पदर खोचते आणि यांची काठी घेते. चार दिवस झाले. आधी चेंडू कुठेही जायचा. मग लक्षात आलं, श्वास धरला की काठी वाकडी जाते. आता 'श्रीराम' म्हणते. 'श्री'ला काठी मागे, 'राम'ला पुढे. आज ओळीने पाच गेले आत. भोकात पडताना टुक् असा आवाज होतो. किती गोड आवाज आहे तो!

चंपा गोवऱ्या घेऊन आली ती पाहतच राहिली. "का करथस बाई?"

म्हटलं, "तपासत आहे."

खोटं नाही ते.

२१ सप्टेंबर, घटस्थापना

घट बसले. अर्ज गेले. नारळ फोडला.

१ ऑक्टोबर

काल दसरा. आज बिलासपूरच्या रेल्वे कचेरीतून पास आला! स्वतः, पत्नी, आई – तिघांची नावं. भिलाई ते जोधपूर आणि परत. सासूबाईंनी देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं. हे बोटाने भिंतीवर वाट काढून दाखवत होते – नागपूर, इटारसी, खांडव्याला छोट्या लाइनची गाडी, रतलाम, अजमेर. या माणसाला सगळी जंक्शनं तोंडपाठ, आणि आजवर आम्हाला घेऊन गेला फक्त वर्ध्याला.

सामान मनात बांधून झालं. धपाटे, चिवडा, भाजलेलं पीठ. पुष्करचं पाणी आणायला तांब्याची झाकणाची लोटी.

७ ऑक्टोबर

रजा नाही.

कारखान्याची तिसरी भट्टी डिसेंबरात पेटवायची आहे. नंदिनी खाणीच्या चुनखडीच्या गाड्या दुप्पट होणार. यार्डातून एकाच माणसाला रजा, ती देवीदास बाबूंना मिळाली. त्यांनी अर्ज सात सप्टेंबरलाच दिला होता. पितृपक्षात.

यांनी काठी पुसून कोपऱ्यात ठेवली. त्यापेक्षा मला रागावले असते तर बरं होतं. माथुर साहेबांनाही वाईट वाटलं. ते आता धाकट्या भावाला जोडीला घेणार. स्वयंपाक केला, कशात मीठ घातलं आणि कशात नाही कोण जाणे. माझ्यामुळे झालं हे. पितरांसाठी थांबवलं, ते चुकलं असंही म्हणवत नाही. पण गेलं ते गेलंच.

'यात्रा'चं पान फाडायला घेतलं. चांगला कागद. फाडवेना.

९ ऑक्टोबर

सकाळी सासूबाई चहाची बशी खाली ठेवून म्हणाल्या, "पासावर मायं नाव हाय न?"

"आहे."

"सुनेचं?"

"आहे."

"मंग याचं एकट्याचं रद्द झालं, आपलं कावून?"

मी म्हटलं, "आई, दोघी बायका? गाड्या बदलत? हिंदी मुलुखात?"

"इथं काय आपण फारशीत बोलून राहिलो? भाजीवालीसंग भांडतं तवा त हिंदी झकास येते तुले!"

हे पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "आई बरोबर बोलून राहिली. घरच्यांना पासावर माझ्याशिवाय जाता येतं. साहेब आधीच गावी जाणार, स्टेशनवर घ्यायला येतील." पेपरचं पान उलटलं. मग, "तू जा. माझी काठी पण घेऊन जा."

मी म्हटलं, "मी काठी कायले नेऊ?"

"चेंडूला रोज हळद कशी लागते मग?"

अगबाई! मी स्वयंपाकघरात पळाले. सासूबाई खदखदून हसत होत्या. म्हणजे त्याही दुपारी झोपत नव्हत्या!

१० ऑक्टोबर

नाही म्हणून पाहिलं. यांच्या जेवणाचं काय, तुळशीचं लग्न कोण लावेल, लोक काय म्हणतील. हे म्हणाले, तुळशीचं लग्न मी लावीन. जेवणाचं राधाबाईंनी घेतलं – "तुम्ही जा हो. नाहीतर तो पास मला द्या, मी सत्यभामा बनून जाते."

आता कारणच उरलं नाही. लोटी घासायला घेतली.

३० ऑक्टोबर, प्रबोधिनी एकादशी

आज निघतो. देव उठले आणि आम्हीही उठलो. वळकटी, फराळाचा डबा, लोटी. आणि काठी, सासूबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. हे स्टेशनवर येणार. सकाळपासून तिसऱ्यांदा सांगून राहिले, "खांडव्याला पूल ओलांडायचा, रूळ नाही." स्वतः रोज रूळच ओलांडतात.

३ नोव्हेंबर, पुष्कर

स्नान झालं. पाणी थंडगार. सासूबाईंचा हात धरून तीन बुड्या. कमलासाठी, यांच्यासाठी मागितलं. स्वतःसाठी काय मागावं सुचेना. म्हटलं, असंच अजून एकदा.

देवळामागे वाळू सुरू होते. उंट! नुसते उंटच उंट! सासूबाईंनी एकाच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "तुया मामेसासऱ्यावानी हाय." यात्रेत उभी राहून इतकी हसले की लोक पाहू लागले.

६ नोव्हेंबर, जोधपूर

आकाश इथे जास्त आहे. ऊन असं की डोळे मिटले तरी लाल दिसतं. मॅच झाली. माथुर साहेब आणि भाऊ हरले, भाऊ भोकाजवळ येऊन घाई करतो. साहेब यांचं नाव घेऊन म्हणाले, "भाभीजी, उमाकांत बाबू होते तो बात और थी." साहेबांच्या पत्नी मुलांच्या शाळेसाठी इथेच राहतात. मोकळी बाई. स्वतःही खेळतात!

सगळे चहाला गेले तेव्हा मी ब्राऊनवर बसून वाळू हाताने पाहिली. आमच्यापेक्षा जाड. सासूबाई म्हणाल्या, "पायतं काय? कोनी नाही. मार." लुगड्यातून यांची काठी काढली, चेंडू ठेवला, कासोटा होताच, पदर खोचला. लांब होतं, आमच्या अंगणाच्या दुप्पट. श्री – राम.

टुक्.

मागे कोणीतरी टाळी वाजवली. माथुरबाई. कधी आल्या कळलं नाही.

८ नोव्हेंबर, जोधपूर

यांना तार केली. 'दोघी खुशाल. आठ दिवस उशिरा निघू. रविवारी बायकांची मॅच. नाव दिलं.'

तारबाबूने हिंदीत अर्थ विचारला. सांगितला. त्याने चष्म्यावरून सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "किसका नाम?"

"मेरा."